ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा खेळायला जाताय? नंबर लागण्यापासून अठराव्या होलपर्यंत सगळं

मी स्कॉटलंडमधल्या डंडीत राहते. टे नदीचा पूल ओलांडला, लूकर्स मागे टाकलं की सेंट अँड्र्यूज, 99 नंबरची बस थेट गावात नेऊन सोडते. गोल्फ शिकले ते मात्र पुण्यात, येरवड्याच्या कोर्सवर, पहाटे रिक्षात बॅग आडवी टाकून जायचे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या जुन्या, प्रसिद्ध गोल्फ मैदानावर, आत्तापर्यंत चार वेळा खेळून झालंय आणि पहिल्या वेळी जायच्या आधी मला सांगणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे निम्मा वेळ कुठे उभं राहायचं, कुठे बघून मारायचं, समोरून लोक का येतायत हेच कळण्यात गेला. आता पुण्या-मुंबईहून कुणी येणार असलं की मैत्रिणी, त्यांचे भाऊ, कुणाचे सासरे, सगळे मलाच फोन करतात, आणि मी दरवेळी तेच अर्धा तास सांगते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल: इथे बॉल हवेतून नाही, जमिनीवरून न्यायचा, आणि शंका आली की डावीकडे मारायचं. खाली जे काही लिहिलंय ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

1. आधी हॅण्डिकॅपचं सर्टिफिकेट, मग विमानाचं तिकीट

लोक उलटं करतात. तिकीट काढतात, हॉटेल घेतात आणि निघायच्या आठवड्यात क्लबला फोन करतात की सर्टिफिकेट द्या. ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जमीन आहे, कुठल्या क्लबच्या मालकीची नाही, 1552 सालच्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क लिहिलाय आणि 1974 पासून सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट ती सांभाळतं. म्हणजे तुम्हीआम्ही कुणीही खेळू शकतो, ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. पण हॅण्डिकॅप (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा) दाखवावा लागतो. भारतातून येत असाल तर तुमच्या क्लबकडून इंडियन गोल्फ युनियनच्या नियमाप्रमाणे चालू असलेला हॅण्डिकॅप लेखी घ्या. मर्यादा किती ते ट्रस्टच्या वेबसाइटवर त्या वर्षाचं बघून घ्या.

मी पहिल्यांदा मागितलं तेव्हा माझ्या जुन्या क्लबने तीन आठवडे नुसतं 'उद्या पाठवतो' केलं, शेवटी आलं ते दोन वर्षांपूर्वीची तारीख असलेलं. परत पाठवायला लावलं. तेव्हा निदान महिनाभर आधी मागा आणि आल्यावर तारीख, नाव, स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा.

2. नंबर कसा लावायचा

रस्ते तीन आहेत.

पहिला, आधीच बुकिंग. पुढच्या वर्षाच्या वेळांसाठी आदल्या वर्षी उन्हाळा संपता संपता अर्ज घेतात, बऱ्याचदा सोबत त्यांचा दुसरा एखादा कोर्सही घ्यावा लागतो. ज्यांना आठजणांना घेऊन यायचंय, रजा आधी टाकायचीय, त्यांनी हेच करावं. टूर कंपन्यांची पॅकेजेस पण असतात पण ती बरीच महाग पडतात.

दुसरा, बॅलट, म्हणजे सरळ चिठ्ठ्या. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी 2 च्या आत नावं द्यायची, कमीत कमी दोघं, जास्तीत जास्त चौघं, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत निकाल येतो. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो त्यामुळे सोमवारची चिठ्ठी शनिवारी टाकायची, हे विसरून खूप लोकांचा सोमवार हुकतो. गावात चार-पाच दिवस मुक्काम ठेवा आणि रोज नाव टाका. एका दिवसासाठी आलात आणि नाव नाही लागलं तर हात हलवत परत जावं लागतं, माझ्या ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं, बिचारे दुसऱ्या दिवशी लंडनच्या गाडीत होते.

तिसरा रस्ता एकट्या माणसासाठी. बॅलटला एकट्याचं नाव चालत नाही. पूर्वी एकटे लोक रात्रभर स्टार्टरच्या (खेळाडूंना पाळीने सोडणाऱ्या माणसाच्या) पॅव्हिलियनबाहेर रांगेत बसायचे, थंडीत ब्लँकेट घेऊन. 2024 पासून ते बंद झालं, आता आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, सर्टिफिकेट आणि ओळखपत्र दाखवायचं आणि संध्याकाळी सोडतीचा निकाल कळतो. दोघा-तिघांच्या ग्रुपमध्ये जागा रिकामी असेल तिथे तुम्हाला घालतात. चारपैकी दोन वेळा मी अशीच खेळलेय आणि खरं सांगते, अनोळखी लोकांबरोबर फार छान जातं, एकदा माझ्याबरोबर स्वीडनचे बाप-लेक होते, मुलगा चौदा-पंधराचा, दोघं प्रत्येक ग्रीनवर (झेंडा असतो तो आखूड गवताचा भाग) एकमेकांना टाळी द्यायचे.

उन्हाळ्याच्या हंगामात फी तीनशे पौंडांच्या वर जाते. हिवाळ्यात बरीच कमी असते, पण नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवरून (ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा) मारताना छोटी चटई ठेवून तिच्यावरून मारावं लागतं, गवत वाचावं म्हणून. आयुष्यात एकदाच येणार असाल तर मे किंवा जून धरा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

3. कागदपत्रं आणि बॅगेत काय काय

- पासपोर्ट (भारतातून येणाऱ्यांना ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा, त्याचा अर्ज वेळेत करा)
- हॅण्डिकॅपचं सर्टिफिकेट, छापील आणि मोबाइलमध्ये, दोन्ही
- बुकिंग किंवा बॅलटचा आलेला मेल
- कार्ड, आणि कॅडी (बॅग उचलून वाट दाखवणारा माणूस) घेणार असाल तर रोख पौंड
- पावसाचं जॅकेट आणि पॅन्ट. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते आणि हातात धरून चालणंच अवघड
- कानटोपी, अगदी जूनमध्येसुद्धा. आणि पावसाचे हातमोजे दोन्ही हातांचे
- बॉल भरपूर, डझनभर तरी
- खायला काहीतरी. मी खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवते, नवव्या होलला लागतेच

सगळं अंतर चालायचंय. गोल्फ कार्ट मिळत नाही, वैद्यकीय कारण असेल तर आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडे कार्टची सवय झालेल्यांनी आधी महिनाभर रोज तास-दीड तास चालून ठेवा, कारण वारा समोरून असला की चालण्यातच दमायला होतं. क्लब्ज, म्हणजे मारायच्या काठ्या, भारतातून आणायचे नसतील तर तिथे भाड्याने मिळतात.

कॅडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वेळी घ्याच. पैसे जातात, पण टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) अर्ध्या होलना झेंडाच दिसत नाही, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तर दिसतच नाहीत. हा कोर्स पूर्वी उलट्या दिशेनेही खेळला जायचा, त्यामुळे बरेच खड्डे असे आहेत की ते त्या बाजूने दिसतात, आपल्या बाजूने उंचवट्यामागे लपतात.

4. आदला दिवस फुकट घालवू नका

जमलं तर मुक्काम असा आखा की खेळायच्या आधी रविवार येईल. रविवारी ओल्ड कोर्स म्हणजे गावाची बाग असते, लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं पुलावर बसतात, कुणीही आत जाऊ शकतं. तुम्ही अठराव्या ग्रीनपासून सुरू करा आणि उलटं पहिल्या टीपर्यंत चाला. उलटं गेलं की लपलेले सगळे बंकर समोर येतात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मी तिसऱ्या वेळी हे केलं आणि बाराव्या होलवर अक्षरशः थबकले, आधीच्या दोन्ही वेळा जो फेअरवे मला सपाट मोकळा वाटला होता त्याच्या बरोब्बर मध्ये बंकरच बंकर होते.

दुसरं, शेजारचा एखादा कोर्स खेळून घ्या. न्यू कोर्स नावाला नवा, आहे 1895 चा. ईडन 1914 चा, थोडा सोपा. नवशिक्यांना स्ट्रॅथटायरम किंवा नऊ होलचा बाल्गोव्ह. जमीन, वारा, ग्रीन सगळं तसंच असतं, सवय होते.

आणि तिसरं, हिमालय! ओल्ड कोर्सला लागूनच फक्त पटिंग (बॉल जमिनीवरून हलकेच ढकलत न्यायचा) करायचं एक मोठं मैदान आहे, इतके उंचवटे की त्याला इथे सगळे हिमालयच म्हणतात. ते सेंट अँड्र्यूज लेडीज पटिंग क्लबचं, 1867 पासूनचं. बायकांना त्या काळात पूर्ण फटका मारून खेळणं शोभत नाही अशी समजूत होती म्हणून त्यांना हे मैदान मिळालं, आणि त्यांनी ते आजवर सांभाळलंय. थोडक्या पैशात कुणालाही खेळता येतं, लहान मुलांनाही. तिथे एक तास घालवा, लांबचा पट किती जोरात मारायचा याचा अंदाज तिथेच येतो.

5. लिंक्सवर फटका मारायचा कसा

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची पट्टी. शेतीला निरुपयोगी, पाणी लगेच झिरपतं, वर बारीक चिवट गवत. पुण्यात पावसाळ्यानंतर बॉल पडला की तिथेच रुततो ना, इथे उलट, उन्हाळ्यातल्या मुरमाच्या रस्त्यावर पडल्यासारखा टप्पा घेतो आणि वीस-तीस यार्ड सहज पळतो. त्यामुळे झेंड्यावर उंच वेज (बॉल उंच उडवणारा क्लब) टाकली की बॉल टप्पा घेऊन मागे निघून जातो. झेंड्याच्या बराच अलीकडे बॉल टाकायचा आणि घरंगळत जाऊ द्यायचा.

पहिल्या फेरीत तिसऱ्या होलवर माझा बॉल ग्रीनच्या पंचवीस पावलं बाहेर होता. मी सवयीने वेज काढली. माझे कॅडी साठीच्या पुढचे गृहस्थ होते, त्यांनी काही न बोलता वेज माझ्या हातातून घेतली, बॅगेत ठेवली आणि पटर (पटिंगचा क्लब) दिला. गवत इतकं आखूड कापलेलं की ग्रीन कुठे सुरू होतं तेच नीट कळत नव्हतं. मी पटरने ढकलला, बॉल एका खळग्यात उतरला, वर चढला, उजवीकडे वळला आणि दोन फुटांवर थांबला. त्यानंतर मी ग्रीनबाहेरून पटरच वापरते, चाळीस पावलांवरूनसुद्धा.

वाऱ्याचं एकच, त्याच्याशी भांडू नका. समोरून असला की दोन पायऱ्या लांब जाणारा क्लब घ्या आणि हळू मारा, बॉल टीच्या खुंटीवर कमी उंच लावा. जोरात मारलात की बॉल आणखी वर चढतो आणि वारा त्याला परत आणतो. 2015 च्या ओपनमध्ये (ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, अधूनमधून याच कोर्सवर होते) शनिवारी वारा इतका होता की ग्रीनवर ठेवलेले बॉल आपोआप सरकायला लागले, दहा तासांहून जास्त वेळ खेळ थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बन लाहिरी त्या ओपनमध्ये कट (दोन राउंडनंतरची चाळणी) पार करून चारही राउंड खेळला होता.

बंकर एकूण 112. आपल्याकडचे पसरट, उतरते बंकर डोळ्यांसमोर आणू नका. इथे गवताच्या विटा एकावर एक रचून सरळ उभी भिंत केलेली असते, काही बंकर इतके अरुंद की आत उतरायचं तर क्लब आधी टेकवून मग पाय ठेवावा लागतो. बॉल भिंतीजवळ असेल तर आडवा किंवा चक्क मागे मारा. तेही शक्य नसेल तर 2019 पासूनच्या नियमाने दोन फटक्यांचा दंड घेऊन बंकरच्या बाहेर, झेंडा आणि बॉलच्या रेषेत मागे ड्रॉप घेता येतो, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं. घ्या खुशाल.

6. जाताना: पहिला ते सहावा

कोर्स गावापासून ईडन नदीच्या मुखापर्यंत जातो, तिथे वळसा घेतो आणि त्याच पट्ट्यातून परत येतो. म्हणून सात ग्रीन जोडग्रीन आहेत, जाणारा आणि येणारा होल एकाच ग्रीनवर. दोन्ही होलच्या नंबरांची बेरीज नेहमी 18: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं आठवा-दहावापर्यंत. जाताना झेंडे पांढरे, परत येताना लाल. पहिल्या वेळी मी चौथ्याला लाल झेंड्यावर नेम धरला होता, ही चूक सगळे करतात.

पहिल्या टीवर मागे रॉयल अँड एन्शंट या जुन्या गोल्फ क्लबचं दगडी क्लबहाउस, बाजूला बघे उभे, छातीत धडधडतंच. पण फेअरवे अठराव्याला जोडून असल्याने प्रचंड रुंद आहे. उजवीकडे कुंपण, त्यापलीकडे आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) नको, त्याहून आखूड मारणारा हायब्रिड घ्या आणि डावीकडे मारा. वाटेत एक सार्वजनिक रस्ता फेअरवेवरून जातो, लोक चालत असतील तर स्टार्टर सांगेपर्यंत थांबा. खरा सापळा पुढे: स्विलकन नावाचा ओढा ग्रीनच्या अगदी तोंडाशी. दुसऱ्या फटक्याला एक पायरी लांब जाणारा क्लबच घ्या, मागे भरपूर जागा आहे, पुढे पाणी.

दुसऱ्यापासून उजवीकडे गॉर्सची झुडपं सुरू होतात. मे महिन्यात पिवळीधमक फुलतात, नारळासारखा वास येतो, पण काटे आपल्या बाभळीसारखे. बॉल आत गेला की गेला, हात घालू नका. तिसऱ्याला उजवीकडून ग्रीनचा कोन चांगला मिळतो पण बंकरही तिकडेच आहेत, नवख्याने डावीकडूनच जावं आणि ग्रीनच्या डाव्या तोंडाशी असलेला कार्टगेट बंकर तेवढा टाळावा. चौथ्याचं नाव जिंजर बिअर, इथे पूर्वी डेव्हिड अँडरसन गाडीवर जिंजर बिअर विकायचे त्यावरून. ग्रीनसमोर एक मोठा उंचवटा आहे, त्याच्या बाजूने जा.

पाचवा पार 5, म्हणजे पाच फटक्यांत संपवायचा. उजवीकडे सेव्हन सिस्टर्स, सात बंकरांचा घोळका, तेव्हा पुन्हा डावीकडे. याचं आणि तेराव्याचं मिळून जे ग्रीन आहे ते पाऊण एकराहून मोठं, आपल्याकडे तेवढ्यात एखादी सोसायटी उभी राहील. ग्रीनवर पोचलो म्हणून खूश होऊ नका, आधी आपला झेंडा कुठे आहे ते बघा, साठ पावलांचा पट मला इथे मारावा लागलाय. तीन पट लागले तरी वाईट वाटून घेऊ नका.

सहाव्याला टीवरून काहीच दिसत नाही, पुस्तिकेतली खूण किंवा कॅडी दाखवेल ती दिशा धरा. कोर्सची ही छोटी पुस्तिका सुरुवातीलाच विकत घ्या.

7. वळसा: सातवा ते अकरावा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण सातवा आणि अकरावा एकमेकांना चक्क छेदतात. मारण्याआधी दोन्हीकडे बघा, समोरच्या ग्रुपला हात करा, आणि आपला बॉल कुणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता मोठ्याने 'फोर' ओरडा. सातव्याच्या ग्रीनपुढे शेल नावाचा मोठा बंकर, त्याच्या पलीकडे टाकेल एवढा क्लब घ्या.

आठवा, नववा, दहावा हे त्यातल्या त्यात सोपे, स्कोअर जमवायचा तो इथेच. आठवा पार 3 आहे. नवव्याला फेअरवेच्या मधोमध बंकर आहेत एवढं लक्षात ठेवा, ग्रीन सपाट, लांबूनच घरंगळत सोडा. दहाव्याला 1972 पर्यंत नावच नव्हतं, अमेरिकेचे नामांकित गोल्फर बॉबी जोन्स 1971 च्या शेवटी गेले, त्यानंतर त्यांचं नाव दिलं. त्याची गोष्ट अकराव्याला कळते.

अकरावा, पार 3, पावणेदोनशे यार्डांच्या आत. मागे ईडनचं पात्र, वारा इथे सगळ्यात मोकळा. ग्रीन मागून पुढे चांगलंच उतरतं. पुढे उजवीकडे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल. 1921 च्या ओपनमध्ये एकोणीस वर्षांचे जोन्स हिलमध्ये अडकले आणि राउंड तिथेच सोडून दिला. सहा वर्षांनी, 1927 मध्ये, ते याच कोर्सवर ओपन जिंकले आणि 1958 मध्ये गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं.

मी दुसऱ्या खेपेला स्ट्रॅथमध्ये गेले. बॉल भिंतीपासून वीतभर. झेंडा डोक्यावरच दिसत होता म्हणून पुढेच मारायचा हट्ट धरला. पहिला फटका गवताच्या विटेला लागून परत पायाशी, दुसरा तसाच, तिसऱ्याला वाळू डोळ्यात गेली. चौथ्याला मागे वळून टीच्या दिशेने बाहेर काढला, एका फटक्यात. ते आधीच करायला हवं होतं. तेव्हा अकराव्याला झेंडा विसरा, स्ट्रॅथच्या पलीकडे पडेल इतकाच क्लब घ्या, पण पार मागे जाऊ देऊ नका, वरून खाली येणारा पट थांबत नाही.

8. परतीची वाट: बारावा ते सोळावा

बारावा छोटा पार 4, आणि मी मघाशी म्हटलं तो. टीवरून सगळं मोकळं दिसतं, म्हणून लोक ड्रायव्हर काढतात आणि लपलेल्या बंकरात जातात. आखूड मारा किंवा अगदी डावीकडे. तेराव्याला फेअरवेत कॉफिन्स बंकर आहेत, त्यांच्याही डावीकडून, सहाव्याच्या फेअरवेवर. समोरून येणाऱ्यांकडे लक्ष ठेवून.

चौदावा ओपनमध्ये सहाशे यार्डांहून जास्त असतो, आपल्या टीवरून कमी, तरी लांबच. उजवीकडे भिंत, पलीकडे आउट ऑफ बाउंड्स. डावीकडे बिअर्डीज बंकर. मधल्या सपाट पट्टीला एलिसियन फील्ड्स म्हणतात. दुसऱ्या फटक्याला समोर हेल बंकर येतो, नावाप्रमाणेच, खोल आणि एखाद्या खोलीएवढा नव्हे, घराएवढा. 1995 च्या ओपनमध्ये जॅक निकलॉस यांना त्यातून बाहेर यायला चार फटके लागले, होलवर 10 झाले. ते निकलॉस, इथेच दोनदा ओपन जिंकलेले. तुम्ही दुसरा फटका डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर मारा, तिथून ग्रीन गाठा. ग्रीन पुढे चढ आणि मग मागे उतार, परत घरंगळवणंच बरं.

पंधराव्याला डावीकडचा कॉटेज बंकर टाळला की फार काही नाही. सोळाव्याला फेअरवेच्या मध्ये प्रिन्सिपल्स नोज नावाचे बंकर, उजवीकडे जुन्या रेल्वेच्या रुळांच्या जागेचं आउट ऑफ बाउंड्स. त्या दोघांच्या मधली चिंचोळी जागा मोहात पाडते. तिथून जाऊ नका. डावीकडे!

9. सतरावा, रोड होल

याला वेगळा आकडा दिला कारण हा खरंच वेगळा आहे. टीसमोर ओल्ड कोर्स हॉटेलच्या आवारातली काळपट शेड, तिच्यावर हॉटेलचं नाव लिहिलेलं, आणि तुम्हाला त्या अक्षरांवरून मारायचंय. ग्रीन दिसत नाही. कॅडी एक अक्षर सांगेल, वारा बघून. भीती वाटत असेल तर शेडच्या डावीकडून मारा, होल लांब होईल इतकंच.

ग्रीन अरुंद आणि आडवं. पुढच्या बाजूला डावीकडे रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. बॉल रस्त्यावर गेला तर फुकट उचलता येत नाही, तिथूनच खेळायचा. 1978 च्या ओपनमध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होते, तिथून पट मारला तो वळून बंकरात गेला, बाहेर यायला चार लागले आणि होलवर 9. तेव्हा नवख्यांनी हा पार 5 समजावा. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजव्या हाताला, आणि तिसरा पटरने. 2022 च्या ओपनच्या शेवटच्या दिवशी कॅमरन स्मिथचा दुसरा फटका बंकरच्या अलीकडे राहिला होता, त्यानेही वेज न काढता पटरने बंकरला वळसा घालून ग्रीनवर नेला, पार वाचवला आणि ओपन जिंकली. तो फटका यूट्यूबवर बघून या, पटरबद्दल मी जे सांगतेय ते सगळं त्यात आहे.

10. अठरावा, आणि त्यानंतर

टीवरून क्लबहाउसचं घड्याळ दिसतं, त्यावर किंवा त्याच्या डावीकडे मारा. उजवीकडे रस्ता, दुकानं, उभ्या गाड्या, सगळं आउट ऑफ बाउंड्स. मग स्विलकन पूल. दगडाचा, अगदी छोटा, पूर्वी मेंढपाळ वापरायचे. फोटो काढाच, पण एक-दोन मिनिटांत, मागचा ग्रुप सतराव्यावर वाट बघत असतो आणि पूर्ण राउंड चार तासांच्या आसपास संपवायची अपेक्षा असते. मी तिथे थांबते तेव्हा मला लोरेना ओचोआ आठवते. 2007 मध्ये बायकांची ओपन पहिल्यांदा या कोर्सवर झाली ती तिने जिंकली, आणि रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते 2014 मध्ये. 2024 ला लिडिया को इथे जिंकली.

ग्रीनच्या पुढे डावीकडे मोठा खळगा आहे, व्हॅली ऑफ सिन. आखूड मारलेला बॉल चढून परत खाली येतो. इथेही पटर, आणि वाटतं त्याहून जोरात. 1995 च्या ओपनमध्ये कॉस्तान्तिनो रोका यांनी इथूनच पटरने साठ फुटांहून लांबचा पट घालून प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ) गाठला होता. कुंपणाला टेकून गावकरी आणि टूरिस्ट बघत असतात, शेवटचा पट गेला की अनोळखी लोक टाळ्या वाजवतात, कुणासाठीही. टोपी काढून सगळ्यांशी हात मिळवा आणि लगेच ग्रीन सोडा. स्कोअर बाहेर येऊन लिहा. कॅडीचे पैसे तिथेच रोख द्यायचे, आधी मोजून वेगळ्या खिशात ठेवलेले बरे, थंडीने बोटं चालत नाहीत.

कपडे बदलायला लिंक्स क्लबहाउसमध्ये सोय आहे. सतराव्याच्या शेजारी जिगर इन आहे, गरम सूप मिळतं. एडिंबरोला परत जाणार असाल तर सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, लूकर्सला जाऊन गाडी पकडावी लागते, तेव्हा रात्रीची शेवटची 99 कितीला आहे ते सकाळीच बघून ठेवा.